दाराखालून सरकवलेले कागद

रेजिना टीचरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि कोणाशी तरी बोलत होत्या. मालाडच्या जुन्या गावठाणातलं त्यांचं घर, भर दुपारची वेळ. मानखुर्दच्या बालवाडीत त्यांना मदतीला एक शिक्षिका हवी आहे असं कळल्यावरून मी भेटायला गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खोलीभर दोऱ्या बांधून त्यांवर कागदी मुखवटे वाळत घातले होते आणि झाडून सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. टीचर त्यातल्या एकाच्या मागे उभ्या राहून हलक्या आवाजात म्हणत होत्या, "तुझं नाक जरा वाकडं झालंय, पण चालेल." खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळे भिंतीकडे का, असं मी विचारलं.

"डोळे कापून झाले ना, की असंच ठेवायचं," टीचर म्हणाल्या. "ज्याचा मुखवटा आहे ते मूल आधी त्यातून बघेल. तोवर त्यांनी कोणाकडे बघायचं नाही."

दूध झाकून ठेव असं सांगावं तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. मग कात्री नीट चालते का, एवढं एकच मला विचारलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

त्या सोमवारला आता पंधरा वर्षं होत आली. रेजिना टीचर यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्ही शिक्षिका आणि मुलांचे पालक मिळून हा गौरवग्रंथ काढतो आहोत. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं की लोक त्यांच्या रंगीत जंगलाविषयी, कागदी पऱ्यांविषयी लिहितात. ते खरंच आहे. पण मी ज्या टीचर पाहिल्या त्यांच्याविषयी लिहायचं तर थोडं भीतीचंही लिहावं लागेल. त्याला टीचरांची हरकत नसेल. भीतीचं त्यांना कधी वावडं नव्हतं.

आमची बालवाडी एका इमारतीच्या तळमजल्यावर. झोपड्या हटवून बांधलेल्या त्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या की खालच्या मजल्यांवर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. देवनारच्या बाजूने वारा आला की कचऱ्याचा धूर खिडकीतून आत येतो. अशा त्या हॉलमध्ये दर शुक्रवारी टीचर परीकथा सांगत. कथा अर्धीच सांगायच्या. मुलगी जंगलात शिरली की थांबायचं. पुढचं जंगल मुलांनी करायचं. वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांची झाडं, हिरव्या क्रेप कागदाचं गवत, लोकरीच्या जटा, आणि किराणावाल्याकडून आणलेल्या खोक्यांची घरं. चिकटवायला टीचर घरून डबा भरून गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आणत, कारण लहान मुलं बोटं तोंडात घालतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच केली नाही. चेटकिणीचा चेहरा त्या काढून देत नसत. कोरा पांढरा पुठ्ठा मुलाच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, "तुझी कशी आहे?" कोणी तिला तीन रांगा दात काढायचं, कोणी डोळेच द्यायचं नाही. एका मुलीने एकदा तिला मिशा काढल्या. टीचरांनी विचारलं, "ह्या कोणाच्या गं?" ती म्हणाली, "काकाच्या." टीचरांनी तो मुखवटा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्याच दिवशी त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं. दार लावून दोघी तासभर आत होत्या. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. काका मात्र त्या आठवड्यातच ते घर सोडून गेले. टीचर मुलांच्या कागदांकडे किती बारकाईने बघतात ते मला त्या दिवशी समजलं.

आता तन्वीची हकीकत सांगते. ती आमच्यापैकी काही जणींना तुकड्या-तुकड्यांत ठाऊक आहे. मी तिथे होते, म्हणून नीट सांगायचं काम माझं.

मी रुजू झाले त्याच वर्षीचा एक शुक्रवार. मुलांनी खोक्यांची घरं केली होती. सानिका नावाची पाच वर्षांची मुलगी, एरवी बडबडी. तिच्या घराला दार नव्हतं, खिडकीही नव्हती. झाकण चारी बाजूंनी तिने खळ लावून बंद केलं होतं. टीचरांनी ते उचलून कानाशी हलवलं. आत काहीतरी घरंगळलं.

"आत कोण आहे?" टीचरांनी विचारलं.

"तन्वी."

"कोण तन्वी?"

"आमच्या मजल्यावरची. ती बाहेर येत नाही."

"का येत नाही?"

"कुलूप आहे ना," सानिका म्हणाली आणि पुन्हा खळ लावू लागली.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी सानिकाबरोबर सातव्या मजल्यावर गेलो. लिफ्ट बंद होती. टीचरांचे गुडघे तेव्हाच कुरकुर करत होते, पण त्या कुठे बसल्या नाहीत. वर एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं. छतातल्या दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. सानिकाने लांबूनच एका दाराकडे बोट केलं आणि पळत आपल्या घरात गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

टीचरांनी दारावर बोटाने टकटक केलं. आवाज बंद झाला.  मग मला जाणवलं की दाराच्या पलीकडे, अगदी खाली फरशीजवळ, कोणीतरी श्वास घेतंय.

टीचर जमिनीवर बसल्या. पिशवीतून एक कोरा पांढरा चेहरा काढला, डोळे नाहीत, तोंड नाही, आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवला. अर्धा आत, अर्धा बाहेर. तो काही वेळ तसाच राहिला. मग हळूहळू, बोट-बोटभर, आत जाऊ लागला आणि एकदम दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा टीचरांनी दार वाजवायच्या आधीच तो चेहरा बाहेर आला. त्याला आता दोन डोळे होते. आत कात्री नसावी, कारण भोकांच्या कडा ओल्या होत्या. ती दातांनी पाडली होती. टीचरांनी तो उचलून आपल्या तोंडाला लावला आणि फटीकडे वाकून म्हणाल्या, "वा. आता दिसतंय सगळं." आतून हसल्यासारखा आवाज आला. खरं सांगते, मला तो आवाज आवडला नाही. टीचर मात्र खूश झाल्या. चेहरा त्यांनी परत आत सरकवला. "तुझाच आहे, ठेव," म्हणाल्या.

शेजाऱ्यांकडून कळलं ते असं. आई, सुलभाताई, एका दवाखान्यात आया म्हणून कामाला. सकाळी जाते, संध्याकाळी येते. वडील नाहीत. मुलगी पाच वर्षांची. डबा आणि पाणी ठेवून आई कुलूप लावून जाते. "आम्ही सांगून थकलो," शेजारीण म्हणाली. "ऐकतच नाही ना ती."

त्याच संध्याकाळी टीचर आणि मी इमारतीच्या फाटकाशी थांबलो. सुलभाताई आल्या. बारीक अंगाच्या, थकलेल्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात चावी. टीचरांनी बालवाडीचं नाव सांगितलं आणि मुलीला सोबत पाठव म्हणाल्या. सुलभाताईंनी मान हलवली.

"नको बाई. दार उघडा ऱ्हवला म्हणान माझा एक चेडू गेला. हिका मी सोडूचंय नाय."

एवढंच बोलून त्या वर गेल्या. मला इतकंच कळलं की यांची आधी एक मुलगी होती आणि ती गेली.

मी टीचरांना म्हटलं, "आपण आजच पोलिसांत कळवूया."

"कळवायचंच आहे," त्या म्हणाल्या. "पण तिने आपल्या हाताने कुलूप काढलं तर पोर घाबरणार नाही. चार-आठ अनोळखी माणसं दार फोडून आत शिरली तर काय होईल तिचं? शुक्रवारपर्यंत थांब."

मी थांबले. नोकरीला नवी होते, आणि टीचरांचा शब्द मोडायची हिंमत नव्हती.

तीन-चार दिवस रोज दुपारी आम्ही त्या दाराशी बसत होतो. टीचर कागदाच्या पऱ्या आत सरकवत. त्या पंख दुमडून परत येत, फाटलेल्या नाहीत, व्यवस्थित दुमडलेल्या. बुधवारी त्यांनी एका कागदावर नुसती घराची बाह्यरेषा काढली आणि सोबत एक तेलखडू दिला. बराच वेळ आत खडूचा आवाज येत राहिला. मग कागद बाहेर आला.

घराला तिने खिडकी काढली होती. खिडकीच्या आत एक लहान मुलगी. खिडकीच्या बाहेर दुसरी, थोडी मोठी, मोकळ्या केसांची. तिच्या पायाखाली काहीच नव्हतं. एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी.

टीचरांनी फटीशी तोंड नेलं. "ही बाहेर कोण गं?"

अगदी फटीला ओठ लावून बोलल्यासारखं उत्तर आलं. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

"ताई."

"काय करते ताई?"

"दार वाजवते. आई म्हणते, उघडायचं नाही."

माझी नजर आपोआप बोळाच्या टोकाला असलेल्या खिडकीकडे गेली. सातवा मजला. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. मध्ये कोणी उभं राहील अशी जागा नाही. टीचरांनी चित्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. सात मजले उतरेपर्यंत त्यांनी माझा हात धरला होता. आधार त्या घेत होत्या की देत होत्या, ते मला कळलं नाही.

गुरुवारी टीचरांनी कागद आत सरकवला आणि तो कोणी ओढून घेतला नाही.

त्यांनी हाक मारली. दार वाजवलं. पुन्हा हाक मारली. श्वासाचा आवाजही येत नव्हता. मग एकसष्ट वर्षांच्या त्या बाई, अंगातल्या धुतलेल्या फ्रॉकचा विचार न करता, बोळातल्या फरशीवर आडव्या झाल्या आणि गाल जमिनीला टेकवून फटीतून बघू लागल्या. न उठता, न हलता मला म्हणाल्या, "शुभा, ती माझ्याकडे बघतेय."

"मग बोलत का नाही?"

"तिचे डोळे मिटत नाहीत."

मी खाली वाकले. आत, फरशीच्या उंचीवर, एक पांढरा चेहरा दाराकडे तोंड करून होता. दातांनी पाडलेले ते दोन डोळे. भोकांच्या मागे काहीच हलत नव्हतं.

मी सात मजले पळत उतरले. वॉचमन लोखंडी पहार घेऊन आला आणि त्याने कडी उचकटली. मुखवटा तन्वीच्या तोंडावर नव्हता. पाण्याच्या तांब्याला टेकवून, दाराकडे बघत, तो फरशीवर उभा करून ठेवला होता. तन्वी त्याच्या मागे, खाटेखाली, पाय पोटाशी घेऊन पडली होती. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. टीचरांनी तिला उचललं आणि कोणाच्याही हातात न देता सात मजले खाली आणलं. रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या तिच्या कपाळावर फुंकर घालत होत्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, संध्याकाळपर्यंत राहिली असती तर सांगता आलं नसतं.

निरोप मिळताच सुलभाताई धावत आल्या. रडल्या नाहीत. मुलीच्या पायाला हात लावून बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "दार कोणी उघडल्यान?"

"मी," टीचर म्हणाल्या. मग पर्समधून ते चित्र काढून त्यांनी सुलभाताईंच्या हातात दिलं.

सुलभाताईंनी चित्र उजेडाकडे धरलं. मग त्यांचं बोट त्या अनवाणी पायावर येऊन थांबलं. हळूहळू त्यांनी सांगितलं. तन्वीच्या जन्माआधी ते खाडीकाठच्या झोपडीत राहत होते. मोठी सहा वर्षांची होती. दुपारी सुलभाताईंचा डोळा लागला, दार उघडं होतं आणि ती बाहेर गेली. ती सापडलीच नाही. खाडीच्या चिखलात तिची एक चप्पल मिळाली, तेवढीच. तन्वीला आपल्याला बहीण होती हेसुद्धा सांगितलेलं नव्हतं. घरात मोठीचा एकही फोटो नव्हता. नवरा त्यानंतर दोन वर्षांत गेला, आणि या इमारतीत घर मिळाल्यावर जुने शेजारी कुठल्या कुठे पांगले होते.

"हिका कोणी सांगल्यान?" त्यांनी विचारलं.

तन्वीच्या खाटेशी आम्ही तिघीच होतो.  मला वाटलं, टीचर आता धीराचं काही बोलतील, मुलांच्या कल्पनाशक्तीबद्दल काही सांगतील. त्या तसं काही बोलल्या नाहीत.

"मला ठाऊक नाही, सुलभा," त्या म्हणाल्या. "ती कोण आहे ते मला माहीत नाही. पण कोणीतरी दार वाजवतं आणि तुझी धाकटी आत बसून ते ऐकते. रोज. एकटी."

सुलभाताईंनी गळ्यातला दोरा काढला आणि चावी टीचरांच्या तळहातावर ठेवली. कडी तर उचकटलेलीच होती. तरी टीचरांनी ती चावी घेतली आणि मूठ मिटली.

गौरवग्रंथात चूक लिहू नये असा संकेत आहे. पण ही चूक टीचर स्वतःच सांगतात, म्हणून मी लिहिते. आम्ही थांबायला नको होतं. मी त्यांना त्याच दिवशी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, रागाने तसं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "तुझं बरोबर होतं" एवढंच म्हणाल्या. रात्र व्हायच्या आत त्यांनी स्वतः जाऊन सरकारी कचेरीत सगळं लिहून दिलं, स्वतःच्या दिरंगाईसकट. पुढे चौकशी झाली. सुलभाताईंच्या कामाच्या वेळा बदलून मिळाल्या, आणि त्या कामावर असतील तेवढा वेळ तन्वी आमच्याकडे राहील असं ठरलं. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला टीचर पहिल्याच दिवशी सांगतात, "मुलाने कागदावर काही सांगितलं तर त्याच दिवशी उठायचं. मी थांबले होते. तुम्ही थांबू नका." हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही बारीक होतो.

तन्वी बरी होऊन आमच्याकडे आली तो पहिला शुक्रवार. इतर मुलं तिच्याकडे टकमक बघत होती. सानिकाने सरकून तिला जागा दिली आणि खळीची वाटी मध्ये ठेवली. तन्वीने खोक्याचं घर केलं. त्याला दोन दारं केली, शेजारी शेजारी. दोन कशाला, असं मी विचारलं. "एक माझं," ती म्हणाली. दुसऱ्याबद्दल ती बोलली नाही आणि टीचरांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुपारी मुलं निघाली. तन्वी सगळ्यांत शेवटी होती. हॉलचं दार तिने दोन्ही हातांनी उघडलं आणि स्वतः बाहेर न जाता बाजूला उभी राहिली, दार धरून. जणू कोणाला तरी आधी जाऊ द्यायचं होतं. मी पुढे होऊन दार धरायला निघाले. टीचरांनी माझ्या दंडाला धरून मागे ओढलं.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही तिघी उभ्या राहिलो. वारा नव्हता. छताला टांगलेल्या कागदी पऱ्या एकामागोमाग एक हलल्या, दाराच्या दिशेने. मग तन्वी बाहेर पडली आणि तिने मागे दार ओढून घेतलं. टीचरांनी झाडू घेऊन कातरणं गोळा करायला सुरुवात केली. त्यावर आम्ही आजवर कधीच बोललेलो नाही.

तन्वी आता एकोणीस वर्षांची आहे. आईबरोबर घाटकोपरला राहते, लॅब टेक्निशियनचं शिकते आहे. ते चित्र काढल्याचं तिला आठवत नाही. चित्र मात्र सुलभाताईंनी टीचरांकडून मागून घेतलं, त्याला काच लावून घेतली आणि देव्हाऱ्याशेजारी लावलं. त्या घरात मोठीचा फोटो म्हणून तेच आहे. दिवाळीला मी गेले होते, तेव्हा त्याला ताजा हार होता.

माझ्यापुरतं एक सांगते आणि आवरतं घेते. सातव्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं तेव्हा भेटायला येणारी माणसं खूप बोलत होती. टीचर मालाडहून मुलुंडला आमच्या घरी आल्या आणि बोलल्याच नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांडी घासली. मग ज्या कपाटाकडे बघायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती ते उघडलं, मी आणून ठेवलेली झबली एकेक करून मांडीवर घेतली, घडी घातली. शेवटचं झबलं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "नाव ठरवलं होतंस?" मी सांगितलं. त्यांनी ते नाव एकदा मोठ्याने उच्चारलं. आमच्या घरात त्या बाळाला नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

टीचरांची नजर आता अधू झाली आहे. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. तरी शुक्रवार चुकत नाही. खळ आता मी शिजवते. कथा मात्र टीचर स्वतःच सांगतात आणि अजूनही जंगलात शिरल्यावर थांबतात. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना सत्काराचं विचारायला गेलो तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. शाल नको, आणि व्यासपीठ नको. "मुलांना खाली बसवा, मी पण खालीच बसेन. फक्त मला उठवायला दोघी धडधाकट बायका हाताशी ठेवा," म्हणाल्या.

टीचर, त्या दोघी आम्ही ठरवल्या आहेत. एक मी, एक तन्वी. तुमच्या उजव्या डोळ्याचा उजेड टिको, गुडघ्यांचं दुखणं कमी होवो, आणि अजून पुष्कळ शुक्रवार तुमच्या वाट्याला येवोत. तुम्ही खुशाल जमिनीवर बसत जा. उठवायला आम्ही आहोत.